फोनमधले नंबर रोज आपोआप ड्राइव्हवर: सोलापूरच्या धंदेवाल्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

चाटी गल्लीतलं चादरीचं दुकान असो, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो की मार्केट यार्डातली कांद्याची अडत, धंद्याचा मोठा ऐवज मालकाच्या फोनमध्येच असतो. सूत उधारीवर कोण देतं, हैदराबादचा माल कोणता ट्रान्सपोर्टवाला वेळेत पोचवतो, शाळा उघडायच्या आधी गणवेशासाठी कोणत्या क्लार्कशी बोलायचं, हे सगळं नंबरांत आणि त्या नंबरांपुढे टाकलेल्या दोन शब्दांत असतं. बिलं टॅलीत सापडतील, स्टॉक वहीत सापडेल. पण ‘अण्णा सूत’, ‘अण्णा टॉवेल’ आणि ‘अण्णा कलबुर्गी जुने’ यांतला कोणता अण्णा कोण, हे त्या फोनशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

याबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: “सगळं गूगलवर आहे की, मालक.” ते निम्मंच खरं आहे. गूगलवर असतं ते सिंक. फोनमध्ये बदल केला की तो खात्यात जातो, खात्यात केला की फोनमध्ये येतो. फोन हरवला किंवा फुटला तर हे उत्तम आहे. पण दुकानातल्या पोराच्या हातून तीस नंबर पुसले गेले, तर ते खात्यातूनही पुसले जातात. पुसलेले नंबर गूगल कॉन्टॅक्ट्सच्या कचरापेटीत ३० दिवस राहतात. ‘अन्डू चेंजेस’ वापरून पूर्ण यादी मागे नेता येते, तीही जास्तीत जास्त ३० दिवसांपर्यंत. वर्षातून एकदा लागणारा नंबर गायब झाल्याचं मात्र वर्षानेच कळतं. सिंक ही पाटी झाली. आपल्याला हवा रोजमेळ, ज्यात कालचं पान आज कुणी खोडत नाही.

म्हणून या लेखातलं काम एकाच दिशेचं आहे: कॉन्टॅक्ट्समधून ड्राइव्हकडे, तारीखवार. उलट्या दिशेबद्दल शेवटी थोडं सांगितलं आहे. दोन्हीकडून आपोआप बदल होऊ देणारी मांडणी मी छोट्या धंद्याला सुचवत नाही, कारण तिच्यात चूकही दोन्हीकडे पसरते.

आधी नंबर एका खात्यात आणा

हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर पुढचं सगळं फुकट जातं. अँड्रॉइड फोनमध्ये नंबर चार ठिकाणी असू शकतात: गूगल खात्यात, फोनच्या स्वतःच्या मेमरीत, सिमवर किंवा फोन कंपनीच्या वेगळ्या खात्यात. आपण जी व्यवस्था बसवणार आहोत तिला फक्त गूगल खात्यातले नंबर दिसतात.

फोनच्या सेटिंग्जमध्ये गूगलच्या भागात कॉन्टॅक्ट्स सिंकचा पर्याय शोधा. तिथे ‘ऑल्सो सिंक डिव्हाइस कॉन्टॅक्ट्स’ चालू केलं की मेमरीतले नंबर खात्यात जातात. सिमवरचे नंबर गूगलच्या कॉन्टॅक्ट्स ॲपमधून इम्पोर्ट करून घ्या. शेवटी नवा नंबर साठवताना वर कोणतं खातं दिसतं ते बघा आणि तिथे कायमचं गूगल खातं निवडून ठेवा. आयफोनवाल्यांनी सेटिंग्जमध्ये जीमेल खातं जोडून त्याचं ‘कॉन्टॅक्ट्स’ बटण चालू करावं आणि कॉन्टॅक्ट्सचं डिफॉल्ट अकाउंट जीमेल करावं. आयक्लाउडमधले जुने नंबर आपोआप सरकत नाहीत. ते संगणकावर आयक्लाउडच्या साइटवरून व्हीकार्ड (कोणताही फोन वाचतो अशी नंबरांची फाईल) म्हणून काढून गूगलमध्ये इम्पोर्ट करावे लागतात.

इथे हमखास निघणारी एक भानगड म्हणजे ते जीमेल खातं नेमकं कुणाचं, हा प्रश्न. फोन घेताना मोबाईलच्या दुकानात कुणीतरी खातं काढून दिलेलं असतं आणि पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो. फोन हातात चालू आहे तोवरच त्या खात्याचा पासवर्ड बदलून घ्या, रिकव्हरीसाठी स्वतःचा नंबर टाका आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. त्यासोबत मिळणारे दहा बॅकअप कोड कागदावर छापून तिजोरीत ठेवा. फोन हरवल्यावर ओटीपीही हरवलेल्या फोनवरच येतो, हे तेव्हा आठवून उपयोग नसतो.

मग संगणकावर कॉन्टॅक्ट्स डॉट गूगल डॉट कॉम उघडा. ‘मर्ज अँड फिक्स’मध्ये दुबार नोंदी दिसतील. ‘मर्ज ऑल’ दाबायचा मोह आवरा. सोलापुरात एकाच नावाचे दोन-तीन व्यापारी असणं अगदी साधी गोष्ट आहे, तेव्हा एकेक जोडी बघूनच एकत्र करा. नंबरांपुढे +९१ असू द्या. मग लेबलं लावा: सूत, गिऱ्हाईक, ट्रान्सपोर्ट, कामगार, घरचे. नावं मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये, इंग्रजीत अशी मिसळलेली असली तरी बिघडत नाही. लिपी एक करण्यापेक्षा लेबल नीट लावलेलं जास्त उपयोगी पडतं.

पहिली प्रत हाताने काढा

त्याच पानावर ‘एक्स्पोर्ट’ दाबा आणि दोन फायली काढा: एक ‘गूगल सीएसव्ही’, एक ‘व्हीकार्ड’. पहिली तक्त्याच्या रूपात असते, दुसरी कोणताही फोन थेट वाचतो.

सीएसव्ही फाईल एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडू नका. देवनागरी नावांच्या जागी चित्रविचित्र अक्षरं दिसू शकतात. त्याहून वाईट म्हणजे एक्सेल फोन नंबरला आकडा समजतं, पुढचं अधिक चिन्ह गाळतं आणि बारा आकडी नंबर दशांश चिन्हाच्या शास्त्रीय रूपात दाखवतं. तशीच फाईल सेव्ह झाली तर नंबर गेलेच म्हणून समजा. गूगल शीट्समध्ये इम्पोर्ट करताना ‘कन्व्हर्ट टेक्स्ट टू नंबर्स’ची खूण काढून टाकली की हा त्रास होत नाही. एकाच रकान्यात दोन नंबर किंवा दोन लेबलं असतील तर गूगल त्यांच्यामध्ये ओळीने तीन विसर्गासारखी चिन्हं टाकतं. ती चूक नाही, तशीच राहू द्या.

या फाईलची पहिली ओळ, म्हणजे रकान्यांची नावं, बाजूला काढून ठेवा. पुढे लागणार आहे.

कोडशिवायचा मार्ग: टेकआउट

ज्यांना स्क्रिप्ट वगैरे भानगडीत पडायचं नाही, त्यांनी निदान एवढं आजच करावं. दहा मिनिटांचं काम आहे.

टेकआउट डॉट गूगल डॉट कॉम उघडा. तिथे सगळ्या सेवांवर आधीच खूण असते, म्हणून आधी ‘डीसिलेक्ट ऑल’. मग खाली जाऊन फक्त ‘कॉन्टॅक्ट्स’ निवडा आणि फॉरमॅट व्हीकार्ड ठेवा. पुढच्या पायरीवर फाईल कुठे पाठवायची ते विचारतं: ईमेलवर लिंक, किंवा ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह, बॉक्स. त्याखाली किती वेळा ते विचारतं. तिथे ‘एव्हरी टू मन्थ्स फॉर वन इयर’ निवडा. वर्षभरात सहा प्रती आपोआप तयार होतील.

गूगल खातंच बंद पडलं तर काय, या भीतीवर उपाय म्हणून मी इथे ड्राइव्हऐवजी वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्स निवडेन. रोजची प्रत गूगलच्या घरात, दोन महिन्यांची शेजारच्या घरात. वर्ष संपल्यावर मात्र हे वेळापत्रक थांबतं. गड्डा यात्रेच्या सुमारास, जानेवारीत, दरवर्षी नव्याने लावायचं असं ठरवून टाका. सोलापुरात ती तारीख कुणी विसरत नाही.

रोजची प्रत: शीट आणि छोटी स्क्रिप्ट

दोन महिन्यांचं अंतर ज्यांना फार वाटतं, रोज नवे नंबर ज्यांच्याकडे येतात, त्यांच्यासाठी गूगलचंच ‘ॲप्स स्क्रिप्ट’ आहे. वेगळे पैसे लागत नाहीत, फोन बंद असला तरी काम चालतं, कारण ते गूगलच्या संगणकावर चालतं.

नवी गूगल शीट उघडा आणि तिला ‘नंबर रोजमेळ’ असं काहीतरी नाव द्या. ‘एक्स्टेन्शन्स’ मेनूतून ‘ॲप्स स्क्रिप्ट’ उघडा. डाव्या बाजूला ‘सर्व्हिसेस’शेजारच्या अधिक चिन्हावर जाऊन ‘पीपल एपीआय’ जोडा. गूगल कॉन्टॅक्ट्स वाचण्याचा आजचा अधिकृत रस्ता हाच आहे. जुन्या मार्गदर्शकांत ‘कॉन्टॅक्ट्सॲप’ नावाची सेवा वापरलेली दिसेल, तिच्या नादी लागू नका. मग ‘प्रोजेक्ट सेटिंग्ज’मध्ये टाइम झोन भारताचा, म्हणजे कोलकाता, करून घ्या.

आता कोड. तो स्वतः लिहिता येत नसेल तर इंजिनीअरिंगला असलेल्या भाच्याकडून किंवा जेमिनायसारख्या एआय सहायकाकडून लिहून घेता येतो. पण काय हवं ते नेमकं सांगावं लागतं. पुढचा मजकूर जसाच्या तसा द्या आणि मघाशी काढून ठेवलेली रकान्यांची ओळ त्याला जोडा:

“या शीटला जोडलेली ॲप्स स्क्रिप्ट लिहा. पीपल सेवेतून माझे सगळे कॉन्टॅक्ट्स वाचा. एका वेळी १००० मागवा आणि पुढच्या पानाचं टोकन संपेपर्यंत मागवत राहा. नाव, सगळे फोन नंबर, ईमेल, संस्था, पत्ता, टीप आणि लेबल घ्या. लेबलांचे फक्त आयडी येतात, म्हणून लेबलांची यादी वेगळी मागवून आयडीच्या जागी नाव लिहा. आजच्या तारखेच्या नावाने नवा टॅब करा. पहिली ओळ सोबत दिलेल्या रकान्यांप्रमाणे ठेवा आणि शेवटी एका जादा रकान्यात प्रत्येकाचा रिसोर्स नेम (गूगलने त्या नोंदीला दिलेला आयडी) लिहा. लिहिण्याआधी सगळे रकाने साध्या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये करा. सगळ्या ओळी एकदम लिहा, एकेक करून नको. ‘नोंद’ नावाच्या टॅबमध्ये तारीख आणि एकूण संख्या लिहा. संख्या मागच्या वेळेपेक्षा शंभरात पाचाहून जास्त घटली असेल तर आजचा टॅब ठेवा, जुना कोणताही टॅब पुसू नका आणि मुद्दाम एरर द्या. तसं नसेल तर ३० दिवसांहून जुने टॅब पुसा, पण प्रत्येक महिन्याच्या १ तारखेचा टॅब कायम ठेवा. कॉन्टॅक्ट्समध्ये काहीही बदलू नका.”

यातल्या दोन-तीन अटींचं कारण सांगायला हवं. साध्या मजकुराची अट नसेल तर शीट अधिक चिन्हाने सुरू होणाऱ्या नंबराला आकडा समजते आणि एक्सेलसारखाच घोळ घालते. ओळी एकदम लिहिण्याची अट वेगासाठी आहे. साध्या जीमेल खात्यात एक स्क्रिप्ट सलग ६ मिनिटांपेक्षा जास्त चालत नाही. एकेक ओळ लिहीत बसली तर मोठी यादी अर्ध्यात तुटते, एकदम लिहिली तर काही सेकंदांत उरकते.

मुद्दाम एरर देण्याची युक्ती मला या मांडणीतली सगळ्यात कामाची वाटते. वेळेवर चालणारी स्क्रिप्ट अडखळली की गूगल स्वतःहून ईमेल पाठवतं. तोच ईमेल आपण धोक्याच्या घंटेसारखा वापरतो. नंबर अचानक कमी झाले की त्याच दिवशी कळतं, कचरापेटीचे ३० दिवस हातात असताना. मेल पाठवण्याची वेगळी परवानगीही स्क्रिप्टला द्यावी लागत नाही.

जागेची काळजी नको. एका शीटमध्ये १ कोटी सेल मावतात. दोन हजार नंबर आणि वीस रकाने धरले तर एका टॅबला ४० हजार सेल लागतात, तीस टॅबना १२ लाख. तुमच्या फाईलमध्ये रकाने फार असतील तर कायम रिकामे राहणारे गाळून टाकायला सांगा.

परवानगी देताना थांबा आणि वाचा

गूगलला स्वतः ठरवू दिलं तर ते स्क्रिप्टसाठी गरजेपेक्षा मोठी परवानगी मागू शकतं. आपल्याला फक्त वाचायचं आहे. म्हणून ‘प्रोजेक्ट सेटिंग्ज’मध्ये मॅनिफेस्ट फाईल (स्क्रिप्टच्या परवानग्या जिच्यात लिहितात ती) दाखवण्याच्या पर्यायावर खूण करा आणि कोड लिहिणाऱ्याला सांगा की त्या फाईलमध्ये दोनच परवानग्या नोंदव: ‘कॉन्टॅक्ट्स डॉट रीडओन्ली’ आणि ‘स्प्रेडशीट्स डॉट करंटओन्ली’. पहिलीने नंबर फक्त वाचता येतात. दुसरीने हीच एक शीट हाताळता येते, ड्राइव्हमधल्या बाकीच्या फायलींना हात लागत नाही.

मग ‘रन’ दाबा. “गूगलने हे ॲप तपासलेलं नाही” असा इशारा येईल. स्क्रिप्ट तुमच्याच खात्यात, तुमच्याच शीटमध्ये असल्यामुळे ‘ॲडव्हान्स्ड’मधून पुढे जायला हरकत नाही. (हीच सवय दुसऱ्याने पाठवलेल्या लिंकवर लावू नका.) पुढच्या पडद्यावर ‘सी अँड डाउनलोड युअर कॉन्टॅक्ट्स’ असं दिसलं पाहिजे. त्या ओळीत ‘एडिट’ किंवा ‘पर्मनंटली डिलीट’ हे शब्द दिसले तर तिथेच मागे फिरा, मॅनिफेस्ट चुकली आहे.

पहिला टॅब तयार झाला की त्यातली एकूण संख्या कॉन्टॅक्ट्सच्या पानावर दिसणाऱ्या संख्येशी ताडून बघा. जुळली तर डावीकडच्या घड्याळाच्या चिन्हावर जाऊन ट्रिगर, म्हणजे स्क्रिप्ट आपोआप चालायची वेळ, लावा: ‘टाइम-ड्रिव्हन’, ‘डे टायमर’, आणि वेळ पहाटेची. नेमकं मिनिट निवडता येत नाही, निवडलेल्या तासात गूगल आपल्या सोयीने चालवतं. त्याच चौकटीत अपयशाची सूचना ‘इमिजिएटली’ करा, म्हणजे ईमेल लगेच येईल. तो ईमेल मालकाच्या फोनवर दिसतो ना, हेही बघा. न उघडल्या जाणाऱ्या खात्यात सूचना गेली तर काय फायदा?

परत आणून बघितल्याशिवाय काम झालं म्हणू नका

एक रिकामं जीमेल खातं चाचणीसाठी ठेवा. चालू खात्यात चाचणी केली तर सगळे नंबर दुबार होतील. रोजमेळातला एक टॅब उघडून ‘डाउनलोड’मधून सीएसव्ही म्हणून उतरवा, रिसोर्स नेमचा रकाना आधी शीटमध्येच (टॅबची नक्कल करून) काढा आणि चाचणीच्या खात्यात कॉन्टॅक्ट्सच्या पानावरून ‘इम्पोर्ट’ करा. एका वेळी ३००० पर्यंत नंबर घेतले जातात. त्याहून जास्त असतील तर फाईल तोडून द्या.

मग चार नोंदी नीट तपासा: मराठी नावाची एक, तेलुगू किंवा कन्नड नावाची एक, दोन-तीन नंबर असलेली एक, आणि मोठी टीप लिहिलेली एक. जोडाक्षरं शाबूत आहेत का? दुसरा नंबर आला का? लेबल लागलं का? फोटो येणार नाहीत, ते या प्रतीत नाहीतच. एखादी गोष्ट चुकली असेल तर बहुतेक वेळा रकान्याचं नाव मूळ फाईलशी जुळत नसतं.

जुन्या बटणांच्या फोनवरून आणलेल्या व्हीकार्ड फाईलमध्ये नावांऐवजी बरोबरच्या चिन्हांची आणि आकड्यांची लांबलचक माळ दिसली तर घाबरू नका. व्हीकार्डच्या २.१ या जुन्या प्रकारात देवनागरी अशीच गुंडाळून लिहिली जाते. फाईल मजकूर म्हणून दुरुस्त करायला बसू नका, सरळ इम्पोर्ट करा.

झॅपियर, मेक वगैरे

ही एका ॲपमधली माहिती दुसऱ्या ॲपमध्ये आपोआप नेणारी सेवा. या सेवांत कोड न लिहिता ‘नवा कॉन्टॅक्ट आला की शीटमध्ये ओळ टाक’ असं जोडता येतं. झॅपियरच्या फुकट योजनेत महिन्याला १०० कामं होतात. नव्या गिऱ्हाइकांची यादी विक्रीच्या पोरांना दिसत राहावी, एवढ्यासाठी ते छान आहे. रोजमेळ म्हणून मात्र अपुरं. आधीचे नंबर त्यात येत नाहीत, आणि पुसलेला नंबर त्याला कळत नाही. शिवाय गिऱ्हाइकांचे नंबर तिसऱ्या कंपनीकडून फिरतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा बघता, दुसऱ्यांची माहिती जितक्या कमी हातांत जाईल तितकं बरं.

नंतर कुठे अडतं

सगळ्यात जास्त अडतं ते जागेपाशी. गूगलची फुकट १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात वाटलेली असते, आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही २०२४ पासून त्यातच मोजला जातो. डिझाइनचे फोटो, पार्टीचे व्हिडिओ आणि सकाळच्या शुभेच्छा मिळून ती भरते, आणि मग शीटमध्ये नवं काही लिहिता येत नाही. महिन्यातून एकदा ‘नोंद’ टॅबमधली शेवटची तारीख बघा. ती कालची किंवा आजची असायला हवी.

शीट दिवाणजीला किंवा भावाला दाखवायची असेल तर ‘व्ह्यूअर’ म्हणूनच द्या आणि शेअरच्या सेटिंगमध्ये डाउनलोड, प्रिंट, कॉपीची मुभा काढून टाका. ‘लिंक असलेला कुणीही’ हा पर्याय कधीच नको. पूर्ण गिऱ्हाईक-यादी समोरच्या दुकानात जायला एक फॉरवर्ड पुरतो.

उलट्या दिशेचं, म्हणजे शीटमधून कॉन्टॅक्ट्समध्ये नंबर घालण्याचं काम आठवड्यातून एकदा हातानेच करा. पोरांना वेगळी शीट द्या, तिची पहिली ओळ गूगलच्या सीएसव्हीसारखी ठेवा, शनिवारी नजर फिरवा आणि इम्पोर्ट करा. इम्पोर्ट केलेल्या नोंदींना गूगल त्या तारखेचं लेबल लावतं, त्यामुळे काही बिघडलं तर तेवढीच तुकडी निवडून काढता येते.

आणि मालकाच्या खात्यात ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ भरून ठेवा. ३ ते १८ महिन्यांची मुदत निवडता येते. तेवढा काळ खातं वापरलं गेलं नाही तर निवडलेल्या माणसाला कळवलं जातं, आणि तुम्ही ठरवाल ती माहिती त्याला मिळते. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल पुसून टाकू शकतं. तेव्हा मुलाचं किंवा मुलीचं नाव तिथे आधीच घातलेलं असावं, आणि तसं घातलं आहे हे त्यांनाही सांगितलेलं असावं.